बोट सुटली तेव्हा मेहताब हेडी बैल बघत होता

घोडेगावच्या बाजारात मेहताब हेडी दिसला की बैल तोंड मिटून घेतात, असं लोक म्हणत. गुरांच्या घेण्यादेण्यात आणि दलालीत त्याचा जन्म गेलेला. दात बघितल्याबिगर त्याला कुणाचंच वय पटत नसे. लेकीच्या सोयरिकीला नवरदेव शमशेर समोर येऊन बसला, तर मेहताबनं आधी त्याला हसवलं, दात बघून घेतले आणि बायकोच्या कानात म्हणाला, "जुळलेला हाय, समदे दात आल्यात. दे म्हनावं पोरगी." खानदान त्यानं मागनं विचारलं.

आपल्याला कुणी गंडवू शकत नाही, असा त्याला गर्व होता. आणि दुसरा गर्व त्याहून मोठा, तो हाताचा. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती उभ्या राहिलेल्या रिकामटेकड्यांना काही कळू नये म्हणून तोंडानं भलतंच बोलायचं. पाऊस न्हाई, मेव्हणा लबाड निघाला, परवापासून पोटात गुबारा धरलाय, काहीही. तोंड गावगप्पा करतं आणि बोटं भांडतात. त्यात जो आधी हात ओढून घेईल तो हरला. त्याला पुढं बाजारात कुणी हिंग लावून विचारत नाही. मेहताबनं आजवर एकदाही हात ओढला नव्हता. एकदा भर बाजारात रुमालाखाली हात असताना त्याला विंचू चावला होता, तर त्यानं आधी सौदा पुरा केला, मग बोंब मारली.

असा हा माणूस दुसरी मोठी लढाई मिटल्यावरच्या थंडीत समुद्राच्या वाटेला लागला, तो त्याच्या व्याह्यामुळं.

व्याही खाजाभाई, शेवगावचा मनियार. बांगड्या भरणारा. अख्ख्या तालुक्याच्या बायकांचे हात माझ्या हातातनं गेलेत, असं तो मिशीला पीळ देऊन सांगायचा. मेहताब म्हणायचा, त्यात काय मर्दुमकी, बायका काय लाथ मारतात का? दोघांचं कधी पटलं नाही. शमशेर हा खाजाभाईचा लेक, पोलिसात शिपाई. त्याची बदली रत्नागिरीला झाली आणि मेहताबची लेक बद्रुन्निसा त्याच्यासोबत गेली. आता तिचे दिवस भरत आले होते.

पोर जन्मलं की त्याच्या कानात बांग द्यायची. ती घरच्या वडीलधाऱ्यानं द्यावी अशी रीत. पण वडीलधारे दोन, आणि दोघंही हटेल. शमशेरनं दोन्हीकडं एकच निरोप धाडला: जो आधी पोचेल त्यानं बांग द्यावी. पोलीस खात्यात राहून माणूस एवढं तरी शिकतोच.

निरोप आला तसा खाजाभाई पुण्या-कोल्हापूरकडनं मोटारीनं निघाल्याची बातमी घोडेगावला आली. मेहताब म्हणाला, "आपुन बोटीनं."

"अवो, समद्यांसारखं मोटारीनं जाऊ की," त्याची बायको सकीना म्हणाली. घरात ही मंडळी दखनी बोलत, पण भांडण रंगात आलं की मराठीवर येत. "बोट कदी बघितलीय का तुमी?"

"बघायचं काय त्यात? पान्यावरची मोटार. खाजाभाईच्या मोटारीच्या ढुंगनाला कोळशाची भट्टी बांधल्याली हाय. पेट्रोल कुठं मिळतंय? घाटात उतरून ढकलीत बसंल म्हातारा. बोटीला चढ लागतो का चढ?"

बोटीला चढ लागत नाही हे खरं. पण मुंबई मागं पडली तसा समुद्र बोटीखाली अंग घुसळायला लागला आणि मेहताबभाई कठड्यावर ओणवा झाला. बाळंतिणीसाठी नेलेलं डिंक-खारकांचं बोचकं उशाला घेऊन सकीना मात्र डेकवर खुशाल पाय पसरून बसली. मधूनमधून भाकरीचा तुकडा मोडी, शेजारच्या बायकांना खर्डा वाटी.

"खाता का?" तिनं एकदा विचारलं.

मेहताबनं नुसतं तिच्याकडं बघितलं. बघण्यापुरताच जीव उरला होता.

हर्णैला बोट थांबली. थांबली म्हणजे गावापासून लांब, पाण्यातच. होड्या आल्या, माणसं चढली-उतरली, पण बोट काही हलेना. मग बोटीवरचा कारकून सांगत आला, यंत्रात काहीतरी बिघाड झालाय, दुपार कलेपर्यंत मुक्काम. ज्यांना पाय मोकळे करायचे त्यांनी होडीतनं उतरावं. पहिला भोंगा झाला की माघारी फिरायचं, दुसऱ्याला होडीत बसायचं, तिसऱ्याला बोट सुटणार. मग कुणाचा बाप आला तरी थांबायची नाही.

मेहताबला जमिनीचं नाव ऐकूनच हुशारी आली. त्यानं पटका नीट बांधला.

"कुठं?" सकीना म्हणाली.

"जरा खाली जाऊन येतो. मुलूख तर बघू कसा हाय."

"बदरूचे अब्बा, गप बसा. तुमाला बाजार दिसला की येळकाळ कळत न्हाई. पोर काय तुमची वाट बघत पोटात बसनार न्हाई."

"हितं कुठला बाजार? हितं नुस्तं पानी हाय. गेलो न आलो."

वाळूवर उतरल्या उतरल्या पांढऱ्या टोपीचा एक वाटाड्या उतारूंच्या अंगावर धावला. गाडीत बसवून किल्ला लांबनं दाखवतो, देऊळ दाखवतो, वर भात-कढीचं जेवण. मुंबईचा एक शेटजी बायकापोरांसह लगेच गाडीत चढून बसला. वाटाड्या मेहताबच्या बाहीला झोंबला.

"चला पाहुणे. एकटे फिरलात तर तुम्हाला कळायचं नाही काही."

"सोड. मी सोता दलाल हाय," मेहताब म्हणाला. "मला दुसरा दलाल लागत न्हाई."

आणि तो एकटाच किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाला.

पहिलं गाव कोळ्यांचं लागलं. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, वाळूवर जाळी पसरलेली आणि वास असा की पटक्याचा सोगा नाकाला लावूनसुद्धा पटक्यात शिरावा. मेहताब गाव बघत होता, म्हणजे गावात काय काय नाही ते मोजत होता. कडब्याची गंज नाही. उकिरडा नाही. गव्हाण नाही. चार पायांचं म्हणून एक कुत्रं, तेही मासे खाऊन माजलेलं.

"बाई, हितं गुरांचा बाजार कुठं भरतो?" त्यानं एका कोळणीला विचारलं.

कोळणीनं त्याला पटक्यापासून पायतानापर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला हाक मारली. "अगो आयकलंस का, ह्याला दर्यात बैल पायजे!" मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "पापलेट नेतोस का? शिंगं नाय त्याला, मारायचा पन नाय."

बायका खिदळल्या. मेहताब ताठ मानेनं पुढं गेला. ज्या मुलखात बैलाची किंमत नाही त्या मुलखातल्या हसण्याला तो किंमत देत नव्हता.

दुसरं गाव नारळी-पोफळींचं. तांबड्या चिऱ्यांची घरं, अंगणात सावली. कुठल्याशा घरात कुराण वाचल्याचा आवाज येत होता. आपलीच माणसं दिसतात, म्हणून मेहताबला बरं वाटलं. तेवढ्यात त्याला एका वाडीत माडाला बांधलेला बैल दिसला.

बैल म्हणायचा म्हणून. तांबूस, बुटका, घोडेगावच्या गोऱ्ह्याच्या पोटाखालनं निघून गेला असता. "एवढा बैल आमच्याकडं कुत्र्याच्या जागी राखनीला ठेवतात," मेहताब स्वतःशीच म्हणाला. विकत घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. पण बैल दिसावा आणि भाव करू नये, म्हणजे लग्नघरी जाऊन उपाशी माघारी येण्यासारखं. त्याचे हात शिवशिवायला लागले. तो सरळ वाडीत शिरला. बैलाचा ओठ वर केला, दात बघितले. वशिंड दाबलं, पाठीवरचा भोवरा बघितला, खूर उचलून वास घेतला.

घराच्या पडवीत एक म्हातारा घोंगडी घेऊन बसला होता. अजीजमिया त्याचं नाव. तो हे सगळं बघत होता. मेहताबनं खूर खाली ठेवला तसा उभा राहिला.

"या, या. सकालधरनं तुमचीच वाट बघताव."

घोडेगावच्या मेहताब हेड्याचं नाव समुद्रापर्यंत पोचलंय, याचं मेहताबला फारसं नवल वाटलं नाही. तो पडवीत टेकला. म्हाताऱ्यानं शहाळं दिलं. ते पिऊन झाल्यावर मेहताबनं खांद्यावरचा रुमाल काढला, म्हाताऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वरनं रुमाल टाकला.

म्हाताऱ्यानं हात तसाच राहू दिला. डोळे मिटले. "कसं काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"तसा बराय. खुरात जरा दोष हाय," मेहताब म्हणाला आणि दोन बोटं दाबली.

म्हाताऱ्यानं त्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही. एक मोठा उसासा टाकून म्हणाला, "रातचा दम लागतो. उजव्या कुशीवर झोपताव तर डावीकडं दुखतं. डावीकडं झोपलो की उजवीकडं."

वा! मेहताब मनात म्हणाला. भोवती चिटपाखरू नाही, तरी रीत सोडत नाही. भलतंच बोलतो. जातिवंत हेडी. त्यानंही तशीच री ओढली.

"मग उतानं झोपत जावा. रातचं जेवन हलकं ठिवा."

"मासे?"

"मासे तर बंदच."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला, पण हात हलला नाही. मेहताबनं पुन्हा बोटं दाबली, या वेळी एक वाढवून. म्हाताऱ्याच्या बोटांनी काही जबाब दिला नाही. थंडगार, सैल, मेल्या माशासारखी बोटं. असला गडी मेहताबनं जन्मात बघितला नव्हता. घोडेगावात कसाही मुरलेला असो, आकडा कमी पडला की त्याचं बोट चुळबुळतंच. हा मात्र दगड.

"पोट साफ व्हत नाय," म्हातारा म्हणाला. "आठवडा आठवडा नाय."

"कोमट पानी प्या."

"पितंव. काय उपेग नाय."

"मग जास्त प्या," मेहताब म्हणाला आणि एका बुटक्या, खुरात दोष असलेल्या, नको असलेल्या बैलाचा भाव आणखी चढवला.

बंदराकडनं भोंगा वाजला.

मेहताबनं ऐकला. पहिलाच तर आहे. मागनं म्हाताऱ्यानं जावयाचं रडगाणं सुरू केलं. जावई जहाजावर खलाशी, तिकडनं पत्र पाठवत नाही, त्या काळजीनं छातीत धडधडतं. मेहताबनं जावई या जातीवर आपलं मत सांगितलं. ते बरंच लांबलं. बोटं पुन्हा दाबली. जबाब नाही.

दुसरा भोंगा.

आता मेहताबच्या डोळ्यांपुढं डेकवर बोचक्यापाशी बसलेली सकीना आली. कोळशाची मोटार ढकलत घाटमाथ्यावर आलेला खाजाभाई आला. त्याच्या मिशा आल्या. नातवंडाच्या कानाशी त्या मिशा हलताहेत, असंही दिसलं. उठावं, पळावं, होडी गाठावी. पण त्यासाठी हात ओढावा लागणार. विंचू चावला तरी ओढला नाही तो हात! कोकणातल्या एका दमेकऱ्यापुढं मेहताबनं हात ओढला, हे घोडेगावात कळलं तर? कळणार कसं, हा विचार त्याला शिवला नाही. इज्जतीच्या वेळेला माणसाला समुद्र आडवा आहे, डोंगर आडवे आहेत, हे सुचत नाही.

"सोडा की म्हाताऱ्या," तो दात खाऊन म्हणाला. "सांगा काय ते एकदा."

"तुमीच सांगा," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "बरा व्हईन ना मी?"

हेही भलतंच बोलणं धरून मेहताबनं पाचही बोटं दाबली. एवढ्या किमतीत सोनईच्या बाजारात खिलारी जोड आली असती. म्हातारा विव्हळला, पण हात त्याचाही तिथंच. घरात वैद्य-हकीम आला तर त्यानं सोडेपर्यंत हात काढायचा नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं.

तेवढ्यात आतनं म्हातारी आली. डोक्यावरचा पदर सावरत खाली बसली आणि तिनं आपलंही मनगट रुमालाजवळ सरकवलं.

"हकीमसाब, ह्यांचं झालं की माजी पन नाडी बघा. गुडघं लय दुखतात."

मेहताबनं मनगटाकडं बघितलं. मग म्हाताऱ्याकडं.

"कोन हकीम?"

"बाणकोटचे ना तुमी?" म्हातारी म्हणाली. "आज येताव म्हनून सांगावा व्हता. आल्या आल्या बैलाला बघलंत, तवाच मी ह्यांना बोलले, हकीम चांगला हाय. मुक्या जनावराला पन सोडत नाय."

तिसरा भोंगा वाजला तेव्हा मेहताब हेड्यानं जन्मात पहिल्यांदा हात ओढून घेतला. रुमाल तिथंच राहिला. पायतानं हातात घेऊन तो वाळूतनं पळाला, बोंबलांच्या दोऱ्यांखालनं वाकून पळाला, कोळणी पुन्हा हसल्या, पण त्याला ऐकायला सवड नव्हती. बंदराला पोचला तर वाटाड्या गाडीचे बैल सोडत होता. त्याची सगळी गिऱ्हाइकं जेवून, ढेकर देऊन, वेळेवर बोटीवर पोचली होती.

आणि बोट लांब, धूर सोडत, दक्षिणेला. डेकच्या कठड्यापाशी एक हिरवं लुगडं दिसल्याचा त्याला भास झाला. हात वगैरे काही हलत नव्हता.

अजीजमियानं मात्र माणुसकी सोडली नाही. हकीम खोटा निघाला तरी हात धरल्यापासून छाती हलकी झालीय, हे त्याचं म्हणणं कायम होतं. त्यानं गाडी जुंपून दिली. त्याच बुटक्या बैलाला जोडीला शेजाऱ्याचा आणखी एक बुटका. दापोलीचा चढ त्या दोघांनी असा चढला, की मागं बसलेल्या मेहताबला बैलांविषयी काही बोलावंसं वाटलं नाही. गाडीवानानं दोनदा विचारलं, "तुमच्याकडं बैल कसे असतात?" मेहताब म्हणाला, "असतात."

दापोलीहून मोटार, मोटारीहून खाडीवरची तर, तरीहून पुन्हा मोटार, मध्येच चालणं. धुळीनं माखून, दाढी वाढवून तो रत्नागिरीच्या पोलीस लायनीच्या फाटकात पोचला, तर समोरून दुसरा एक जण येत होता. नखशिखान्त काळा. कोळशाच्या धुरात शिजवून काढल्यासारखा. मिशीवरनं मेहताबनं ओळखला. खाजाभाई!

खाजाभाईनंही ओळखलं. दोघांनी सलाम केला नाही. दोघंही एकदम पळत सुटले. शमशेरच्या खोलीचं दार अरुंद. दोन व्याही त्यात खांद्याला खांदा लावून असे अडकले, की लायनीतल्या शिपायांच्या बायका पिठाचे हात घेऊन बघायला बाहेर आल्या.

"मागं व्हा, मी आधी आलो!"

"फाटकात माझा पाय आधी पडला!"

आतनं सकीना आली. दोघांना एकेक करून उपसून बाहेर काढलं. "वरडू नका. पोरगी आत्ता कुठं झोपलीय."

"झाली?" मेहताब म्हणाला. "कवा? बांग कुनी दिली? शमशेरनं?"

"शमशेर बंदोबस्ताला गेल्ता. मी बोटीतनं उतरले, इचारत इचारत हितं आले, तर बदरू कळा देत हुती. दाई म्हनली, बांग द्यायला बाप्या मानूस कोन हाय? मी भायेर बघितलं. कुनी न्हाई."

"मग?" खाजाभाईनं काळा हात मिशीला लावला.

"मग काय! मशिदीच्या भितीला भीत लावून ऱ्हान्यात जल्म गेला माजा. पाच टाइम कानावर पडतीय. मी दिली."

मग खाजाभाई म्हणाला, "बाई मानसानं बांग? हे बराबर न्हाई. मी परत देतो."

"तू का देशील? मी देतो," मेहताब म्हणाला.

"एकदा दिल्याली बांग परत देत न्हाईत," सकीना म्हणाली. "मौलवीला इचारून घेतलं मी. बाप्या हाजर नसंल तर चालतं म्हनला. ह्ये भाईजान मोटार ढकलत हुते, घाटाची वाटच हाय ती. तुमी कुठं हुता, बदरूचे अब्बा? गेलो न आलो म्हनला हुता."

मेहताबनं पटका काढून डोकं खाजवलं. खोटं बोलावं तर लायनीतल्या सगळ्या बायका कान लावून उभ्या होत्या, आणि सकीनाची नजर बैलाच्या टोचणीसारखी रोखलेली.

"बैल बघत हुतो."

खाजाभाईला हसू फुटलं. काळ्या तोंडात दात तेवढे चमकले. "समुद्रात?" तो म्हणाला, "समुद्रात बैल!" आणि खाली बसून मांड्या थोपटायला लागला.

"हसू नका, भाईजान," सकीना म्हणाली. "तुमी तर मोटारीत बसून चालत आलाय."

खाजाभाईचं हसू विझलं. मेहताबला जरा धीर आला. दाराशी सरकून त्यानं आत मान घातली. फडक्यात गुंडाळलेलं तांबडं बोचकं बदरूच्या कुशीत दिसलं. "नाव?" त्यानं हळूच विचारलं. "नाव तर न्हाई ना ठिवलं अजून? नाव मी ठिवनार. माज्या आईचं."

"तुमच्या आईचं का? माझ्या आईचं ठिवायचं," खाजाभाई उठून उभा राहिला. "पोरगी आमच्या घरची हाय."

"तुमच्या घरचा एक तरी मानूस हुता का हितं तिच्या येळंला?"

"तुमच्या घरचा तरी बाप्या हुता का?"

पोरगी रडायला लागली. आतनं बदरूचा आवाज आला, "अम्मी, त्यांना हाकला."

सकीनानं मोरीतली घागर आणि कळशी उचलून दोघांच्या पायाशी आदळली. "नाव सातव्या दिशी. तवर कोन हितं ऱ्हातंय आन कोन कुठं उतरून जातंय ते बघू. आधी पानी आना. आड लायनीच्या टोकाला हाय. बाळंतिनीला नहायला घालायचंय, तुमालाबी अंघोळ पायजे."

खाजाभाई घागरीला वाकला. मोठी होती ती. मेहताबनं तिच्या गळ्यात आधीच हात घातला होता.